जुन्या लिव्हर-ॲक्शन रायफली हरणाच्या शिकारीला आजही चालतात का?

पोकोनोकर

पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्येकडच्या दाट रानात व्हाइटटेल हरणासाठी जुनी लिव्हर-ॲक्शन (चापाखालची दांडी खालीवर करून काडतूस चढवायची रायफल) घ्यावी का, हा प्रश्न इथे वेगवेगळ्या धाग्यांत तुकड्यातुकड्यांनी येत राहतो. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा काढतोय.

दुकानांच्या जुन्या मालाच्या रांगेत साधारण तीन रायफली दिसतात. पहिली १९५० च्या दशकातली विंचेस्टर ९४, थर्टी-थर्टी (.३०-३०) काडतुसाची. दुसरी १९६० च्या आसपासची मार्लिन ३३६, .३५ रेमिंग्टनची. तिसरी सॅव्हेज ९९, .३०० सॅव्हेजची. अंतर बहुतेक वेळा ४० ते १२० यार्ड. विजेच्या तारांखालचा मोकळा पट्टा लागला तर फार तर २००. या राज्यात मोठ्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक चालत नाही, त्यामुळे दुसरा बार झटपट काढता येणं याला इथे खरीच किंमत आहे.

मुद्दे असे: काडतुसाची ताकद पुरते का, घेण्याआधी रायफलीत नेमकं काय तपासायचं, काडतुसं मिळतात का, आणि जुन्या डोळ्यांना जुनी माशी (नळीवरची नेम धरायची खूण) दिसते का. ज्यांना यातलं कळतं त्यांनी आकड्यांसकट लिहावं ही विनंती.

ग्रेन_आणि_यार्ड

ताकदीपासून सुरुवात करतो. थर्टी-थर्टी १८९५ चं काडतूस आहे, पण हरिणाच्या फासळ्या तेव्हापासून जाड झालेल्या नाहीत. १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साधी फॅक्टरी गोळी नळीतून सेकंदाला २३९० फुटांनी निघते, १७० ग्रेनची २२०० फुटांनी. हे आकडे २४ इंची चाचणी-नळीचे आहेत. आपल्या कार्बाइनची नळी २० इंची, म्हणून ५० ते १०० फूट कमीच धरा. २०० यार्डांवर १५० ग्रेनमध्ये साधारण ८५० फूट-पौंड उरतात, १७० मध्ये हजाराच्या जवळ. म्हणजे लांब जाताना जड गोळी पुढे निघते. चपट्या नाकाच्या गोळीला हवा फार अडवते आणि वजनदार गोळी वेग धरून ठेवते. रानात १७० घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी अडचण पडण्याची आहे. १०० यार्डांवर नेम लावला तर २०० वर गोळी ८ ते ९ इंच खाली जाते. हरिणाच्या छातीतला कामाचा भागच जेमतेम तेवढा असतो. तेव्हा १५० ग्रेनची गोळी १०० यार्डांवर अडीच इंच वर लागेल असं लावा. १५० यार्डांवर ती जवळपास नेमावर येते आणि २०० वर तीनेक इंच खाली. त्यापुढे ती इतक्या वेगाने कोसळते की अंतराचा अंदाज २५ यार्डांनी चुकला तरी जनावर जखमी होऊन निघून जातं. माझ्या लेखी उघड्या माशीने १२५ आणि दुर्बिणीने १७५ ही प्रामाणिक मर्यादा.

.३५ रेमिंग्टन २०० ग्रेनची गोळी २०८० फुटांनी टाकतं. १०० यार्डांच्या आत तिचा मार छान, रक्ताची वाट ठळक पडते. पण १५० नंतर ती थर्टी-थर्टीपेक्षाही लवकर खाली येते. आणि एक समज इथेच खोडून काढू: जाड, संथ गोळी झुडपातून सरळ जाते हे खरं नाही. बोटाएवढी फांदी कुठल्याही गोळीला वळवते. हरीण फांदीच्या लगेच मागे उभं असेल तर फरक कमी पडतो इतकंच. मोकळी फट दिसेपर्यंत थांबायचं.

लोखंडवाला

काडतुसावर चर्चा सगळे करतात, पण अडचण रायफलीच्या अवस्थेत असते. सत्तर वर्षांत तिला कोणी कसं वापरलं हे बाहेरच्या चकाकीवरून कळत नाही. दुकानात उभ्या उभ्या दहा मिनिटांत करायची तपासणी सांगतो. आधी दुकानदाराची परवानगी घ्या. मग लिव्हर उघडून चेंबर (नळीच्या मागची काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी आणि करंगळीने तपासा, मॅगझिनच्या तोंडाशी फॉलोअर (काडतुसं पुढे ढकलणारी टोपी) दिसतोय याची खात्री करा, आणि पुन्हा एकदा तपासा.

पहिली गोष्ट हॅमर, म्हणजे घोडा. या काळातल्या विंचेस्टर आणि मार्लिनवर वेगळी सेफ्टी नसते. हाफ-कॉक, म्हणजे अर्धवट चढवलेला हॅमर, हीच सेफ्टी. हॅमर हाफ-कॉकवर ठेवा आणि चाप चांगला जोरात ओढा. हॅमर सुटला तर रायफल तिथेच परत ठेवा. मग पूर्ण चढवून अंगठ्याने हॅमरला मागून पुढे ढकला. चापाला हात न लावता तो पडला, तर कोणीतरी ट्रिगर हलका करायच्या नादात खाच घासली आहे. तिसरी चाचणी: लिव्हर झपकन उघडून झपकन मिटा. हॅमर चढलेलाच राहायला हवा, बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) मागोमाग खाली यायला नको.

दुसरी गोष्ट कुलूप. विंचेस्टर ९४ मध्ये बोल्टच्या मागे एक उभा ठोकळा वर येऊन बसतो. लिव्हर मिटल्यावर बोल्टला बोटाने मागेपुढे हलवून पाहा. किंचित हालचाल असते. पण टकटक आवाज येण्याइतकी असेल तर हेडस्पेस (मिटलेला बोल्ट आणि काडतूस यांतली मोकळीक) गेजने मोजल्याशिवाय घेऊ नका. थर्टी-थर्टीचं हेडस्पेस काडतुसाच्या कडेवर असतं, त्यामुळे गेजही कडेच्या जाडीचंच लागतं. गेज नसेल तर एकदा वापरलेल्या पुंगळ्या (काडतुसांची पितळी नळकांडी) बोलतात: कडेच्या वर पाव ते अर्धा इंचावर चमकदार वळं दिसलं, तर पुंगळी तिथे ताणली जातेय आणि पुढेमागे तिथेच तुटेल.

तिसरी नळी. विंचेस्टर ९४ मागून सहज साफ करता येत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तोंडाकडून गज घातला. गज एका बाजूला घासून घासून तोंडाजवळचे आटे (नळीतल्या वळणदार खाचा) गुळगुळीत होतात. भिंगातून पाहा. तोंडाशी आटे सगळीकडे सारखे कडक दिसले पाहिजेत. एका बाजूला पुसट असतील तर गोळी निघताना एका बाजूने आधी सुटते आणि गट (कागदावर लागलेल्या गोळ्यांचा पुंजका) फाटतो. हे दुरुस्त होतं: लेथवर तोंड नव्याने कापायचं किंवा थोडं आत खोलवायचं, तासाभराचं काम आहे. आत चेंबरच्या पुढे खोल खड्डे असतील तर मात्र दुरुस्ती नाही. जुन्या क्षारयुक्त प्रायमरची (काडतुसाच्या बुडातली पेट घेणारी टोपी) काडतुसं उडवून नळी पाण्याने न धुतल्याचा तो परिणाम. बारीक काळपट डाग चालतात. गज अडकेल असे खड्डे चालत नाहीत.

मार्लिन ३३६ इथे सरस आहे. लिव्हरचा एक स्क्रू काढला की लिव्हर, बोल्ट आणि इजेक्टर बाहेर येतात आणि नळी मागून साफ होते. स्क्रू-ड्रायव्हर मात्र खाचेत घट्ट बसणारा, समांतर पात्याचा घ्या. घरगुती निमुळत्या ड्रायव्हरने खाच फुटते आणि मग स्क्रू निघतच नाही.

पोकोनोकर

@लोखंडवाला, फार उपयोगी. मार्लिनमध्ये काडतूस अडकून सगळं जाम होतं असं वाचलंय, ते किती खरं?

लोखंडवाला

खरं आहे. इंग्रजीत त्याला 'मार्लिन जॅम' असं नावच पडलंय. ३३६ मध्ये कमी, पिस्तुलाची काडतुसं घेणाऱ्या मार्लिन १८९४ या मॉडेलमध्ये जास्त.

होतं असं: लिव्हरच्या पुढच्या टोकाला गोगलगाईसारखी वळलेली एक कड असते. लिव्हर मिटताना ती कॅरिअरच्या (काडतूस उचलून चेंबरसमोर नेणारा भाग) खालच्या बाजूवर घासत जाते. कारखान्यातून ती कड धारदार राहिली असेल तर हजारो वेळा घासून कॅरिअरला खोबण पाडते. खोबण पडली की कॅरिअर खाली थोडा कमी किंवा उशिरा बसतो, मॅगझिनमधलं पुढचं काडतूस वेळेआधी निसटतं आणि कॅरिअरखाली शिरतं. मग लिव्हर पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही.

घेण्याआधी बोल्ट काढून कॅरिअर खालून पाहा. नख अडकेल अशी खोबण दिसली तर तो झिजला आहे. उपाय दोन. लिव्हरची ती कड बारीक दगडाने गोल करून पॉलिश करायची, म्हणजे पुढची झीज थांबते. आणि कॅरिअर बदलायचा, किंवा खोबण कापून तिथे कडक पोलादाचा तुकडा बसवायचा. फक्त कड गोल करून झिजलेला कॅरिअर तसाच ठेवला तर जॅम जात नाही, हे लक्षात ठेवा.

रानात जाम झाली तर जोर लावू नका, लिव्हर वाकते. नळी सुरक्षित दिशेला धरा, लिव्हरचा स्क्रू सैल करून लिव्हर काढा, बोल्ट मागे घ्या, काडतूस बोटाने सोडवा. एवढ्यासाठी योग्य मापाचा छोटा ड्रायव्हर खिशात असावा.

मार्लिनचा फायरिंग पिन (प्रायमरवर आपटणारी सुई) दोन तुकड्यांत असतो. कुलपाचा ठोकळा पूर्ण वर आल्याशिवाय मागचा तुकडा पुढच्याच्या रेषेत येत नाही, म्हणून अर्धवट मिटलेल्या बोल्टवर बार उडत नाही. 'मिसफायर' होत असेल तर आधी तो मागचा तुकडा आणि त्याची छोटी पट्टी-स्प्रिंग तपासा.

हिवाळी_रान

ओंटारिओतून लिहितोय. इकडे थंडी हाच पहिला परीक्षक. जुन्या रायफलीत दशकांचं तेल वाळून लाखेसारखं झालेलं असतं. घरात लिव्हर सुळसुळीत चालते, आणि उणे १५ ला हॅमर आळशी पडतो, प्रायमरवर पुसट ठसा उमटतो. बोल्ट, कॅरिअर आणि फायरिंग पिनची वाट सॉल्व्हंटने धुऊन पूर्ण कोरडी करा. मग फक्त घासणाऱ्या जागी पातळ सिंथेटिक तेलाचा थेंब लावून फडक्याने पुसा. जास्त तेल म्हणजे जास्त अडचण.

ट्यूब मॅगझिन सगळे विसरतात. त्यात ओल, पाइनच्या सुया आणि गंज साठतो. पुढच्या टोकाचा स्क्रू काढताना टोपीवर फडकं घट्ट धरा. आतली स्प्रिंग ट्यूबपेक्षा बरीच लांब असते आणि डोळ्यावर येते. काठीला कापड गुंडाळून ट्यूब आतून पुसा, कोरडीच ठेवा.

संध्याकाळी थंड रायफल गरम खोलीत आणली की तिच्यावर आतबाहेर दव धरतं आणि सकाळी ते गोठतं. केसमध्ये बंद ठेवूनच आत आणा आणि ती खोलीइतकी गरम होईपर्यंत केस उघडू नका.

हातमोजे हा वेगळा धोका. जाड मोज्याने हॅमर हाफ-कॉकवर उतरवताना तो अंगठ्याखालून सटकू शकतो. चेंबर रिकामा ठेवून चाला, जागेवर बसल्यावर काडतूस चढवा. उतरवायचाच असेल तर मोजा काढा, नळी जमिनीकडे धरा, दुसऱ्या हाताचा अंगठा हॅमर आणि बोल्टच्या मध्ये ठेवा. दुर्बीण बसवली असेल तर हॅमरला आडवा दांडा लावून घ्या, नाहीतर अंगठ्याला जागाच उरत नाही.

बकआय_मराठी

कायद्याची बाजू राहिली. ताकद पुरते म्हणून रायफल चालेलच असं नाही.

ओहायोत हरिणासाठी २०१४ पासून सरळ भिंतीच्या पुंगळीच्या रायफली चालतात. थर्टी-थर्टी आणि .३५ रेमिंग्टन या दोन्हींच्या पुंगळ्यांना खांदा आहे, म्हणजे त्या तोंडाकडे अरुंद होतात, म्हणून इथे त्या बाद. .४५-७०, .४४ मॅग्नम, .३८-५५ चालतात. ट्यूबमध्ये सात काडतुसं मावली तरी चेंबर धरून तीनच भरता येतात. इलिनॉयने २०२३ ला रायफलींना दार उघडलं, पण फक्त एकबारीला, म्हणजे लिव्हर-ॲक्शन तिथे नाहीच. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिशाची गोळी शिकारीला बंद. थर्टी-थर्टीत तांब्याच्या चपट्या नाकाच्या आणि मऊ टोकाच्या गोळ्या मिळतात, पण महाग. आणि जुन्या नळीत त्यांचा गट वेगळाच पडतो, नेम नव्याने लावावा लागतो. हे नियम बदलत असतात, दरवर्षी राज्याची त्या वर्षीची पुस्तिका वाचा.

आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन असे व्हिसे नॉन-इमिग्रंट आहेत. अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने अशा व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाही मनाई आहे. त्याला असलेल्या अपवादांपैकी एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचा वैध शिकार परवाना. म्हणून क्रम असा: आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग परवाना, मग रायफलीला हात. मित्राची रायफल "जरा धरून बघतो" हेही त्यात येतं. परवान्याची मुदत कधी संपते ते दिनदर्शिकेत लिहून ठेवा. ग्रीनकार्डवाल्यांना हे लागू नाही.

१८९८ किंवा त्याआधी बनलेली रायफल संघराज्य कायद्यात 'अँटीक' धरली जाते. म्हणजे अगदी सुरुवातीच्या विंचेस्टर ९४ त्यात बसतात. पण शिकारीचे नियम तिलाही तेच, आणि राज्यांचे कायदे वेगळे असू शकतात.

हिवाळी_रान

कॅनडाचं जोडतो. इथे कोर्स आणि परीक्षा झाल्यावर पीएएल (बंदूक बाळगायचा परवाना) मिळतं, त्याशिवाय काही नाही. शिकारीचा परवाना त्याहून वेगळा.

संपादक_मदत

भारतातून वाचणाऱ्यांसाठी नोंद: १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. घरात वडिलोपार्जित परवान्याची जुनी रायफल असली तरी तिने शिकार करता येत नाही. या धाग्यातली शिकारीची माहिती उत्तर अमेरिकेतल्या परवानाधारकांसाठी आहे. देखभालीची माहिती कोणालाही उपयोगी पडेल.

बोल्टप्रेमी

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. त्याच किमतीत, कधी कमीतही, आज नवी .३०८ बोल्ट-ॲक्शन मिळते. १०० यार्डांवर इंच-दीड इंचाचा गट, २५० यार्डांपर्यंत फारसा विचार करावा लागत नाही, काढता येणारं मॅगझिन, पावसाला न जुमानणारा प्लास्टिकचा दस्ता. जुनी ९४ तीन इंचाचा गट देते आणि सगळे खूष होतात. नव्या माणसाला जुनी रायफल सुचवणं मला पटत नाही. चुकलेल्या अंदाजाची किंमत जनावर मोजतं.

ग्रेन_आणि_यार्ड

तुमचा शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मोकळ्या शेतांच्या कडेला बसून शिकार करणार असाल तर बोल्ट-ॲक्शनच घ्या. पण ६० यार्डांच्या रानात तीन इंचाचा गट दोन इंचांच्या आत येतो. तिथे खरा प्रश्न रायफल खांद्याला किती पटकन लागते आणि दुसरा बार खांद्यावरून न उतरवता निघतो का, हा असतो. साडेसहा पौंडांची, चपटी, रिसीव्हरखाली (बोल्ट बसतो ती मधली पोलादी चौकट) एका हातात तोल साधणारी ९४ दिवसभर चढउतारावर वाहायला सोपी जाते. बोल्ट-ॲक्शनला दुर्बीण लावली की तशी पकड मिळत नाही.

तीन इंचाच्या गटामागचं कारणही सांगतो, कारण ते बऱ्याचदा दूर करता येतं. ९४ मध्ये मॅगझिन ट्यूब आणि पुढचं लाकूड नळीला पट्ट्यांनी बांधलेलं असतं. नळी तापली की लांबते, पट्टे तिला ओढतात आणि तिसरा-चौथा बार सरकतो. नेम लावताना तीन बार काढून दहा मिनिटं थांबा. शिकारीत पहिला थंड बारच महत्त्वाचा, म्हणून वेगवेगळ्या दिवशी थंड नळीचा एकेक बार एकाच कागदावर जमवत जा. रायफल कुठे मारते हे तोच कागद सांगतो. पुढच्या लाकडाखाली नळीशी कागदाची पट्टी सरकते का पाहा. एका बाजूला घट्ट आणि दुसरीकडे सैल असेल तर लाकूड थोडं घासावं लागतं. पट्ट्यांचे स्क्रू मरेस्तोवर आवळू नका.

बोल्टप्रेमी

थंड बाराच्या कागदाची पद्धत पटली. गाडीत बसताना मात्र ट्यूब रिकामी करावी लागते ना? पेनसिल्व्हेनियात मॅगझिनमध्ये काडतूस असलं तरी रायफल 'भरलेली' धरतात.

लोखंडवाला

हो, ही जुन्या लिव्हरची खरी गैरसोय. ९४ आणि ३३६ दोन्हींत प्रत्येक काडतूस चेंबरकडे नेऊन काढावं लागतं. दिवसातून चार वेळा गाडीत चढणार असाल तर एका वेळी तीनच काडतुसं भरा. रिकामी करताना नळी सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब, आणि शेवटी फॉलोअर डोळ्यांनी दिसलाच पाहिजे. ट्यूबमध्ये वाकड्या फॉलोअरमागे एखादं काडतूस अडकून राहतं आणि "आता संपली" असं वाटतं. सगळ्यात जास्त धोका इथेच आहे.

माशी_आणि_नेम

माशीचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. कारखान्याची मागची 'बकहॉर्न' माशी पहाटेच्या अंधुक उजेडात अर्धं हरीण झाकते, आणि चाळिशीनंतर मागची माशी, पुढची माशी आणि सावज तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे रिसीव्हरवर बसणारं भोक, म्हणजे पीप. लायमन, विल्यम्स, स्किनर यांची मिळतात. शिकारीला आतली बारीक चकती काढून मोठ्या भोकातून पाहा. डोळा आपोआप मधोमध जातो, फक्त पुढची माशी सावजावर ठेवायची.

पीप बसवल्यावर बहुतेकदा रायफल वर मारते, आणि पीप पूर्ण खाली आणूनही जुळत नाही. मग पुढची माशी उंच लागते. किती उंच ते मोजून घ्या: चूक गुणिले दोन माश्यांमधलं अंतर, भागिले सावजाचं अंतर, सगळं इंचात. उदाहरणार्थ १०० यार्डांवर, म्हणजे ३६०० इंचांवर, ५ इंच वर लागतंय आणि माश्यांत २५ इंच अंतर आहे. ५ × २५ ÷ ३६०० = ०.०३५ इंच. एवढी उंच माशी मागवा. रायफल खाली मारत असेल तर पुढची माशी कानशीने घासायची, पण हिशोबाच्या निम्मीच घासा, तीन बार काढा, मग उरलेली. घासलेलं परत येत नाही.

डोव्हटेलमधली, म्हणजे आडव्या खाचेतली, माशी मागून नेम धरतो तसं पाहिलं असता डावीकडून उजवीकडे काढतात आणि उजवीकडून डावीकडे ठोकतात. पितळी किंवा नायलॉनचा ठोकणा वापरा.

दुर्बीण हवीच असेल तर मार्लिन घ्या. तिची पुंगळी बाजूने बाहेर पडते, वर दुर्बीण सरळ बसते. जुनी ९४ पुंगळी वर फेकते. विंचेस्टरने तिरकी फेक १९८२ च्या सुमारास आणली, त्याआधीच्या रायफलीला बाजूचा माउंट लागतो आणि गाल दस्त्याला टेकत नाही.

पोकोनोकर

सॅव्हेज ९९ वर कोणी बोललंच नाही. आणि १९६४ च्या आधीची-नंतरची हा काय प्रकार आहे तेही सांगा.

लोखंडवाला

१९६४ पासून विंचेस्टरने खर्च कमी करायला ९४ चे काही भाग बदलले: घडीव कॅरिअरऐवजी पत्र्याचा, भरीव पिनांऐवजी पोकळ, आणि रिसीव्हरचं पोलाद असं की साध्या ब्लूइंगला (पोलादावरचा निळसर-काळा मुलामा) दाद देत नाही, झीज झाली की ठिपके उठतात. क्रमांक साधारण २७ लाखांच्या खाली असेल तर आधीची. वापरायला नंतरचीही चालते, काडतुसं पोचवते, हरीण पडतं. फक्त ती आधीच्या किमतीला विकत घेऊ नका.

सॅव्हेज ९९ ही या तिन्हींतली सगळ्यात हुशार रचना. आत फिरकीचं मॅगझिन, पाच काडतुसं, डाव्या बाजूच्या खिडकीत उरलेल्यांचा आकडा दिसतो. काडतुसं नाकाला नाक लावून नसतात, म्हणून टोकदार गोळी चालते. .३०० सॅव्हेजची १५० ग्रेन २६३० फुटांनी निघते, म्हणजे मोकळ्या पट्ट्यातले २०० यार्ड आरामात. बाहेर हॅमर नाही, झुडपात काही अडकत नाही.

दोष दोन. एक, दस्ता. रिसीव्हरच्या मागच्या शेपटीचा धक्का लाकडात पाचरीसारखा घुसतो आणि तिथून मागे बारीक तडा जातो. उजेडात तिरकं धरून पाहा. तडा लहान असेल तर पातळ इपॉक्सी भरा, आणि शेपटीमागे इंचाचा बत्तिसावा भाग लाकूड काढून मोकळी जागा ठेवा. दस्त्याचा बोल्ट आवळा, सैल बोल्टमुळेच तडे जातात. दुसरा दोष सुट्या भागांचा. उत्पादन १९९० च्या दशकाअखेर थांबलं, फिरकी काडतुसाप्रमाणे वेगळी असते, आणि हौशी माणसाने आतलं सगळं उघडलं की पुन्हा जुळवताना घाम फुटतो. पूर्ण खोलू नका.

ग्रेन_आणि_यार्ड

टोकदार गोळीचा विषय निघाला म्हणून: ट्यूब मॅगझिनमध्ये साधी टोकदार गोळी कधीही भरू नका. तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकतं आणि धक्क्याने आत बार उडू शकतो. चपट्या नाकाची, किंवा खास ट्यूबसाठी केलेल्या मऊ रबरी टोकाची गोळीच घ्या. हॉर्नडी कंपनीची १६० ग्रेन २४०० फुटांची आहे, तिने थर्टी-थर्टीची मर्यादा खरोखर वाढवली. घरी काडतुसं भरणाऱ्यांनी गोळी खाचेत क्रिम्प केलीच पाहिजे, म्हणजे पुंगळीचं तोंड दाबून तिला पकडलं पाहिजे. नाहीतर स्प्रिंग आणि धक्क्याने ती पुंगळीत ढकलली जाते आणि दाब वाढतो.

मिळण्याबद्दल: थर्टी-थर्टी गावच्या हार्डवेअर दुकानातही मिळतं. .३५ रेमिंग्टन आणि .३०० सॅव्हेज कारखाने अधूनमधून काढतात. दिसलं की एकाच लॉटचे पाच डबे घ्या, काही वर्षं पुरतात. .३२ विंचेस्टर स्पेशल घरी भरणाऱ्याला अवघड नाही, थर्टी-थर्टीची पुंगळी तोंड फुगवून वापरता येते. .३०३ सॅव्हेजची रायफल सुंदर असली तरी शिकारीसाठी घेऊ नका. आणि .३०३ ब्रिटिश हे पूर्ण वेगळं काडतूस आहे, नावावर जाऊ नका.

पोकोनोकर

शेवटची शंका. १९५० च्या सुमाराची, मूळ रंगाची ९४ दुकानात आहे, रिसीव्हरला पीपची भोकं नाहीत. भोकं पाडून घ्यावीत का?

माशी_आणि_नेम

नको. मूळ ब्लूइंग शाबूत असलेल्या ९४ ला नवी भोकं पाडली की संग्राहकाच्या लेखी किमतीचा मोठा हिस्सा त्याच दिवशी जातो, आणि ते परत भरता येत नाही. तिच्या मागच्या शेपटीवर कारखान्याचं भोक आहे का ते आधी बघा, असेल तर शेपटीवर बसणारं जुनं पीप शोधता येईल. नसेल तर ती तशीच राहू द्या. त्याच रांगेत कोणीतरी आधीच भोकं पाडलेली, दस्ता ओरखडलेली, पण आटे कडक आणि हाफ-कॉक घट्ट असलेली दुसरी ९४ शोधा. ती स्वस्त मिळते. उरलेल्या पैशांत पीप आणि १७० ग्रेनचे पाच डबे येतात. त्यातले दोन डबे मोसमाआधी बसून, उभं राहून आणि झाडाला टेकून ५० ते १०० यार्डांवर संपवा.